फुकेतची सायंकाळची बोट आणि मृगबागेचे पैसे

जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि यजमानांची सात एकर बागायत असून तिच्यात केळी व थोडा कापूस असतो. लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण होत असल्याच्या निमित्ताने त्या दोघे, धाकटे दीर-जाऊबाई आणि नणंद-नंदोई अशी तीन जोडपी २४ ते २९ मे या काळात थायलंडमधील फुकेतला जाणार आहेत. सहलीसाठी तीन वर्षे आवर्ती ठेवीत टाकलेल्या पैशांचे २,४०,००० रुपये झाले आणि त्यातून दोघांच्या पॅकेजचे १,९६,००० भरूनही झाले. आता प्रवास एजंटाने असे सुचवले आहे की लग्नाचा वाढदिवस समुद्रावरच साजरा करावा. त्यासाठी चार तासांची खाजगी कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची रुंद बोट, मिळेल; सूर्यास्त, डीजे, जेवण आणि हवी तितकी पेये यांसह तिचे ४८,००० बाहत (थायलंडचे चलन) पडतील आणि निम्मी रक्कम आत्ताच द्यावी लागेल. दिरांना ही कल्पना फार आवडली आहे. ताई विचारतात : "मृगबागेच्या, म्हणजे मृगात लावायच्या केळीच्या, रोपांसाठी ९०,००० रुपये वेगळे ठेवले आहेत. त्यातले थोडे तात्पुरते वापरले आणि जूनमध्ये केळीचे पेमेंट आले की परत ठेवले, तर काय बिघडेल? हे तर म्हणतात की पीककर्ज बिनव्याजीच असते, त्यातूनही भागेल."

ताई, समुद्रावरच्या त्या सायंकाळीबद्दल माझी हरकत नाही, हे आधी सांगतो. पंचवीस वर्षे शाळा आणि शेत सांभाळून, कर्ज न काढता, तीन वर्षे आधीपासून पैसे बाजूला टाकून तुम्ही ही सहल ठरवली आहे, आणि इतक्या शिस्तीने ठरवलेल्या सहलीत एक संध्याकाळ बोटीवर घालवू नका असे सांगणे हा माझ्या मते सल्ल्याचा अतिरेक ठरेल. मला अडचण दिसते ती बोट कोणती घ्यावी, तिचे पैसे कोणत्या खिशातून द्यावेत आणि ते केव्हा द्यावेत, या तीन ठिकाणी.

एजंटाने धरलेला पावणेतीन रुपयांचा दर घेतला तर ४८,००० बाहतचे १,३२,००० रुपये होतात आणि तीन जोडप्यांत वाटले तर प्रत्येकी ४४,००० येतात. तुमच्या सहलीच्या ठेवीतही नेमके ४४,००० उरले आहेत. हा योगायोग असेलही. पण शिल्लक किती आहे हे गिऱ्हाइकाने बोलता बोलता सांगून टाकलेले असले की दरपत्रके तिच्याच आसपास येऊन थांबतात, असे मी बरेचदा पाहिले आहे. ते काही असो, हे ४४,००० बोटीत गेले तर पुढच्या सहा दिवसांचे पॅकेजमध्ये नसलेले एक वेळचे जेवण, टॅक्सी, बक्षिशी आणि घरच्यांसाठीची खरेदी यासाठी तुमच्याकडे एक रुपयाही उरत नाही. तो खर्च टळणारा नाही आणि तो रोपांच्या पैशांतून होईल. म्हणून तुमच्या प्रश्नातला "तात्पुरते वापरले तर" हा भाग दिसतो तितका ऐच्छिक नाही. खाजगी बोटीला होकार दिलात त्याच क्षणी रोपांच्या पैशांना हात लागलेला असेल.

त्यात पत्राच्या शेवटी तुम्ही एक वाक्य ओझरते लिहिले आहे की नंदोईंची रेल्वेतील रजा अजून मंजूर झालेली नाही. माझ्या दृष्टीने पत्रातले हेच सर्वांत महाग वाक्य आहे. ते दोघे आले नाहीत तर उरलेल्या दोन जोडप्यांना प्रत्येकी ६६,००० द्यावे लागतील, कारण भाडे बोटीचे असते, माणसांचे नव्हे. हिवाळ्यात आपण शेतात भरीत पार्टी करतो तेव्हा चार माणसे कमी आली तर कपाशीच्या काड्यांवर थोडी वांगी कमी भाजली जातात, बडगीत (लाकडी उखळीत) थोडे कमी ठेचले जाते आणि वर्गणीही त्या मानाने कमी होते. बोटीचे तसे नाही. ती सहा जणांना घेऊन निघाली काय किंवा चौघांना, डिझेल, तांडेल आणि डीजे तेवढेच लागतात.

त्याच दरपत्रकात खाली, बारीक अक्षरांत, दुसरा पर्याय दिला आहे. तशीच सूर्यास्ताची फेरी, तोच समुद्र आणि जवळजवळ तोच मार्ग, मात्र सोबत इतर पर्यटक असतील आणि माणशी २,८०० बाहत पडतील, म्हणजे ७,७०० रुपये, दोघांचे १५,४००. तुमच्याच पत्रानुसार सहा जणांपैकी दोघेच पेये घेतात आणि चौघे शाकाहारी आहेत. खाजगी बोटीच्या भावात अमर्याद पेये आणि मासळीचे जेवण यांची किंमत सहाही जणांवर चढलेली असते, हे तुमच्यासारख्या गटाने विशेष लक्षात घ्यावे. अनोळखी लोकांसमोर केक कापायला संकोच वाटेल हे मान्य. पण त्या संकोचाची किंमत जोडप्यामागे २८,६०० रुपये आहे आणि ती द्यावी असे मला वाटत नाही.

आता हवामानाकडे वळतो, कारण या व्यवहारात व्याजदरापेक्षा त्याचे वजन जास्त आहे. फुकेत अंदमान समुद्राच्या काठी आहे. तिथला कोरडा आणि शांत हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो, आणि मेपासून ऑक्टोबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारे वाहतात. आपण मृगात ज्या पावसाची वाट पाहतो तोच पाऊस साधारणपणे मेच्या तिसऱ्या आठवड्यात अंदमान समुद्रात दाखल होतो, १ जूनच्या सुमारास केरळात येतो आणि मध्य जूनपर्यंत आपल्याकडे पोहोचतो. तुमची तारीख त्याच्या वाटेवर आहे, आणि मेअखेरचे पॅकेज स्वस्त पडण्यामागचे एक कारणही हेच आहे. याचा अर्थ सहाही दिवस पाऊस पडेल असा नाही. दुपारी सर येऊन संध्याकाळ लख्ख उघडल्याचे दिवसही त्या काळात असतात. परंतु कोणती संध्याकाळ उघडी असेल हे आज, दीड महिना आधी, कोणी सांगू शकत नाही आणि एजंट मात्र आजच बोटीच्या भाड्याचे निम्मे, म्हणजे ६६,००० रुपये, मागतो आहे. लाटा उंच असतील तेव्हा थायलंडचे हवामान खाते लहान बोटींना किनाऱ्यावर थांबण्याचा इशारा देते. जुलै २०१८ मध्ये याच फुकेतजवळ खराब हवामानात पर्यटकांची बोट बुडून ४७ जण दगावले होते. तेव्हा इशारा असताना "काही होत नाही" म्हणणाऱ्याच्या बोटीत, पैसे भरलेले असले तरी, चढू नये. आणि पैसे भरलेले नसतील तर तो नकार देणे फार सोपे जाते.

एजंटाच्या अटीत असे लिहिले आहे की हवामानामुळे बोट न सुटल्यास "दुसरी तारीख दिली जाईल". हे वाक्य वाचून मला माझीच एक पावती आठवली. काही वर्षांपूर्वी कोचीला आम्ही कुटुंबासह सूर्यास्ताच्या फेरीसाठी एक लहान बोट ठरवून ९,००० रुपये आगाऊ दिले होते. त्या दिवशी ढगफुटीसारखा पाऊस झाला, बोट सुटली नाही आणि बोटवाल्याने फार अदबीने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायला सांगितले. आमचे परतीचे विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होते. पावतीवर परताव्याचा शब्दही नव्हता आणि ती मी सहीपूर्वी वाचली नव्हती; लोकांचे करारनामे वाचून देणे हा माझा व्यवसाय असताना. तुमचे वास्तव्य पाच रात्रींचे आहे, त्यामुळे "दुसरी तारीख" तुमच्याही उपयोगाची ठरेलच असे नाही.

आता रोपांविषयी. ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरच्या) रोपांची नोंदणी तुम्ही केली आहे आणि उरलेले पैसे रोपे उचलताना द्यायचे आहेत. त्या दिवशी पैसे कमी पडले तर प्रयोगशाळा तुमची रोपे पुढच्या शेतकऱ्याला देऊन टाकेल आणि तुम्ही रांगेत मागे जाल. मृगबागेची लागवड जूनमधून जुलैच्या अखेरीस गेली तर पुढच्या वर्षीची कापणीही तेवढीच पुढे जाते. याच्या विरुद्ध बाजूला तुम्ही जूनचे केळीचे पेमेंट ठेवले आहे. ते येईल, असे मीही धरतो. पण रावेर-यावल पट्ट्यात मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत सुटणाऱ्या वादळी वाऱ्याने घडासकट बागा आडव्या झाल्याचे तुम्हाला मी सांगायला नको. बऱ्हाणपूर आणि रावेरचा भाव एका आठवड्यात कुठल्या कुठे जातो आणि माल उचलल्यानंतर व्यापाऱ्याकडून पैसे हातात पडायलाही वेळ लागतो. फळपीक विम्याची भरपाई मंजूर झाली तरी ती काही महिन्यांनी येते, रोपे उचलण्याच्या दिवशी येत नाही. म्हणून ९०,००० ची ती रक्कम सहलीपुरती अस्तित्वातच नाही असे समजावे, आणि शक्य असेल तर जाण्यापूर्वीच रोपांचे आणखी काही पैसे भरून टाकावेत.

यजमानांच्या पीककर्जाच्या सूचनेवर मी थोडा कडक बोलणार आहे, त्यांनी राग मानू नये. आपल्या राज्यात ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही, हे खरे आहे. पण ते बिनव्याजी ठरते ते मुदतीत फेडल्यामुळे. तारीख चुकली की वेळेवर परतफेडीसाठी केंद्राकडून मिळणारी ३ टक्क्यांची सवलतच धरली तरी ३ लाखांवर वर्षाचे ९,००० रुपये जातात, आणि राज्याची सवलत जाते ती वेगळी. शिवाय ते कर्ज खत, मजुरी आणि ठिबकसाठी दिलेले असते. ते बोटीवर खर्च झाले तर ऑगस्टमध्ये युरियासाठी दुकानदाराकडे उधारी करावी लागते, आणि त्या उधारीचे व्याज पावतीवर नाही, भावात लावलेले असते.

पैसे देण्याच्या पद्धतीबाबत थोडे. पॅकेजच्या बिलात बोट जोडून घेतली तर तिच्यावरही ५ टक्के जीएसटी लागतो आणि शिवाय टीसीएस, म्हणजे परदेश सहलीच्या बिलासोबतच आगाऊ कापला जाणारा आयकर, लागतो. तिथे जाऊन हॉटेलच्या काउंटरवर किंवा धक्क्यावर तिकीट घेतले तर यांपैकी काहीच लागत नाही. पॅकेजवर आधीच घेतलेला टीसीएस बुडत नाही, तो तुमच्या आयकरात वजा होतो, मात्र बिल कोणाच्या पॅनवर आहे हे आजच तपासा. ते तुमच्या पॅनवर असेल तर शाळेला कळवून पगारातील टीडीएस तेवढा कमी करून घेण्याची सोय ऑक्टोबर २०२४ पासून झाली आहे. यजमानांच्या पॅनवर असेल तर त्यांचे शेती उत्पन्न करमुक्त असले तरी परताव्यासाठी विवरणपत्र भरावे लागेल. क्रेडिट कार्डाने परदेशात पैसे देताना बऱ्याच बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावतात. १,३२,००० वर हे सुमारे ५,४५० रुपये होतात आणि १५,४०० वर साडेसहाशेच्या आत राहतात. मशीनवर "रुपयांत की बाहतमध्ये" असे विचारले तर बाहत निवडावे, कारण रुपयांचा दर दुकानदाराच्या बँकेने ठरवलेला असतो आणि तो तुमच्या फायद्याचा क्वचितच असतो.

प्रवास विमा पॅकेजमध्ये आहे, ते चांगले झाले. दारूच्या अमलाखाली झालेल्या दुखापतीचा दावा अशा विम्यात सहसा नाकारला जातो, एवढे पेये घेणाऱ्या त्या दोघांच्या कानावर घालावे.

राहता राहिले दीर. पत्रात तुम्ही लिहिले आहे की नाही म्हटले तर बरे दिसणार नाही. त्यांना नाही म्हणू नका. एवढेच सांगा की नंदोईंची रजा मंजूर होईपर्यंत आगाऊ काही द्यायचे नाही, आणि तिथे पोहोचल्यावर आकाश पाहून सगळ्यांनी एकाच बोटीची तिकिटे काढायची, ज्याची त्याने. ही अट कोणालाही लागत नाही, कारण ती पैशांबद्दल नसून रजेबद्दल आणि पावसाबद्दल आहे. तरीही त्यांना खाजगी बोटच हवी असेल आणि ती त्यांच्याकडून भेट असेल, तर आनंदाने जा. परतफेडीचे ओझे मात्र मनात ठेवू नका, आणि तसे होणे अवघड वाटत असेल तर आधीच नम्रपणे थांबवा.

तुम्ही २४ ला पोहोचाल. २५ ची संध्याकाळ बोटीसाठी धरा आणि २६ व २७ राखीव ठेवा. आदल्या रात्री हवामानाचा अंदाज पाहून मगच तिकीट काढा, आणि शाकाहारी जेवण व लाइफ जॅकेट यांची खात्री तिकीट काढतानाच करा. तिन्ही दिवशी समुद्र खवळलेला राहिला तर टॅक्सीने प्रोम्थेप भूशिरावर जा. तिथला सूर्यास्त पाहायला फुकेतचे लोकही जातात, आणि १५,४०० तुमच्याकडेच राहतील. मेअखेरीस तिथे सूर्य साडेसहानंतर मावळतो, तेव्हा आपल्याकडे पाच वाजून गेलेले असतात. ठिबक सुरू केले का, हे सालदाराला विचारायचे असेल तर तो फोन बोट सुटण्यापूर्वी करावा.