टिकाव, बाटली आणि पांढरा चौकोन

सांगली

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा चित्रांची फाइल दाखवायला आलीस, तेव्हा माइनक्राफ्टमधल्या वस्तू काढलेली आलेखाच्या कागदांची ती वही पिशवीतच ठेवली होतीस. विचारल्यावर म्हणालीस, "सर, ते गेममधलं आहे. ते कुठं दाखवू?" मी मागून घेतली आणि रात्री दोनदा चाळली. ती फाइलीत लाव, मागं नाही, पुढं.

माइनक्राफ्ट या तुझ्या गेममधली वस्तू १६ बाय १६ चौकोनांत बसते. एकूण २५६. तेवढ्यात टिकाव टिकावच दिसला पाहिजे, कुऱ्हाड वाटता कामा नये. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे तिथं चौकोना-चौकोनाला ठरवावं लागतं. इंटरमीजिएटला आपण लोटा, कांदे आणि फडकं मांडून स्थिरचित्र करत होतो, तेव्हा तुझ्याकडून मला हेच हवं होतं. १९८१ साली शिगेरू मियामोतो या जपानी गेमकारांनी व्हिडिओ गेममधला मारिओ केला, तेव्हा इवल्या जागेत तोंड काढता येईना म्हणून मिशी दिली आणि केस टाळायला टोपी घातली. अडचणीतून चेहरा जन्मला आणि तो जगभर ओळखला गेला.

आणखी एक सांगतो. माइनक्राफ्टमध्ये भिंतीवर लावायची जी चित्रं आहेत, त्यातली बरीचशी क्रिस्टोफर झेट्टरस्ट्रँड या स्वीडिश चित्रकाराच्या तैलचित्रांवरून घेतलेली आहेत. एकात कबाब आणि तीन मिरच्या आहेत. म्हणजे स्थिरचित्रच की! कॅनव्हासवरून पडद्यावर जी वाट गेली, तिनं तू परत येते आहेस. यात लपवण्यासारखं काय आहे?

मी लहान असताना घरी टीव्ही नव्हता. शाळेच्या वाटेवर थिएटरबाहेर शिडीवर चढून फलक रंगवणारे एक पेंटर होते, तेच माझा टीव्ही. हातात छोटा फोटो, त्यावर पेन्सिलीनं आखलेले चौकोन. तेवढेच चौकोन समोरच्या भल्यामोठ्या फलकावर. एकेक चौकोन भरत जायचे. खाली उभं राहून बघितलं तर नुसता तपकिरी, गुलाबी, मध्येच हिरवट पट्टा. रस्ता ओलांडून पलीकडं गेलं की त्यातून नटीचा डोळा उघडायचा. त्या रस्त्यावरून मी किती वेळा इकडून तिकडं गेलो असेन! तुझी वही चाळताना ते सगळं परत आठवलं.

तुझ्या वाट्याला पोगो वाहिनीवरच्या 'मॅड' या हस्तकलेच्या कार्यक्रमातला रॉब आला, नंतर यूट्यूबवर बॉब रॉस, टीव्हीवर चित्रं काढून दाखवणारे अमेरिकन चित्रकार. रॉबनं घरातल्या साध्या वस्तूंना हात लावायला शिकवलं, ते तुझ्या बोटांत उतरलंय. बॉब रॉसनं मात्र तुला थोडं दुखावलंय. "ते अर्ध्या तासात डोंगर, झाडं, तळं करतात आणि माझा चिखल होतो," असं म्हणालीस ना? मग नीट ऐक. १९८३ ते १९९४ या काळात त्यांनी आपल्या टीव्ही कार्यक्रमाचे ४०३ भाग केले आणि बहुतेक प्रत्येक भागाचं चित्र तीनदा रंगवलं. एक आधी, समोर ठेवून बघायला. एक कॅमेऱ्यापुढं. एक नंतर, पुस्तकासाठी. तू बघितलंस ते दुसरं. शिवाय ते कॅनव्हासला आधी पातळ पांढऱ्या तैलरंगाचा हात देत आणि ओल्यावर ओला रंग चढवत. तू तेच पोस्टर कलरनं ड्रॉइंग पेपरवर करायला गेलीस. तो रंग बघता बघता वाळतो, मग मिसळायचा कसा? चूक हाताची नव्हती, सामानाची होती. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

आता वहीतलं जे खटकलं ते. तुझ्या टिकावाचा दांडा पात्याला नुसता चिकटवल्यासारखा दिसतो. आजोबांच्या मळ्यात टिकाव असेलच. तो हातात घे. दांडा लोखंडाच्या भोकातून कसा जातो, वापरून वापरून कुठं गुळगुळीत झालाय, ते बघ आणि पेन्सिलीनं काढ. मग पुन्हा १६ बाय १६ मध्ये बसव. दोन्ही चित्रं फाइलीत शेजारी शेजारी लाव. औषधाच्या लाल बाटलीवर मात्र तू एकच पांढरा चौकोन ठेवलास आणि काच चमकली. तिथं मी बराच वेळ थांबलो.

तो पांढरा चौकोन डोक्यात ठेवून सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन ये. बाळासाहेब पंतप्रतिनिधी तिथले राजे होते आणि स्वतः चित्रकारही. त्यांनी यमाईच्या डोंगरावर उभारलेल्या संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं माय-लेकराचं शिल्पही आहे. रविवर्म्यांच्या चित्रातल्या दागिन्यांपाशी थांब. आधी लांबून बघ, मग जवळ जा, मग पुन्हा मागं ये. चार-पाच वेळा कर. कुणी बघत असलं तरी कर.

रविवारी येताना आईकडून लोणच्याची रिकामी बरणी मागून आण. सकाळी लवकर ये. नऊनंतर माझ्या खिडकीतलं ऊन सरकतं.

तुझे,
सर