चर्चच्या नाटकमंडळात जमतं तसं एकत्र काम पटकथालेखनात जमेल का?

तुम्ही विचारलंय की पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या परिसरातल्या भाविकांच्या, नाताळच्या नाटकासाठी वीस-पंचवीस माणसं पदरमोड करून, रात्री जागून हौसेने राबतात. आता त्यांच्यातल्याच दोघांना घेऊन सिनेमाची पटकथा लिहायची आहे, तर तीच तळमळ पुरेल का?

तळमळ पुरेल. चर्चमध्ये ती टिकते, कारण तिला बांधायला खुंटे आधीच रोवलेले असतात. पटकथेला बसलात की ते तुम्हालाच रोवावे लागतात. बहुतेक जोड्या नेमक्या इथेच फसतात, आणि मग प्रतिभा कमी पडली असं समजतात.

पहिला खुंटा मजकुराचा. येशूजन्माची गोष्ट लिहून झालेली आहे: मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानात, पूर्वेकडचे ज्ञानी मत्तयच्या. तुम्ही दोन्ही एकाच गोठ्यात आणता आणि कुणाचीच हरकत नसते. भांडण होतं ते पडद्याच्या रंगावरून. मरियेचं पुढे काय होतं यावरून नाही. दुसरा तारखेचा. नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार सरले की 25 डिसेंबर येतोच, नाटक कच्चं असो वा पक्कं. तिसरा निर्णयाचा. कॅथलिक चर्चच्या 1983च्या धर्मकायद्यानुसार पॅरिश कौन्सिलचं मत सल्ल्यापुरतंच असतं. फादर ‘नको’ म्हणाले की विषय संपला. रुसवे-फुगवे होतात, पण काम अडून राहत नाही.

पटकथेत गोष्टच पणाला लागलेली असते. नायिका शेवटी घर सोडते की नाही, यावर दोघं प्रामाणिकपणे दोन टोकांना असू शकतात आणि तोडगा काढायला फादर नसतात. तारीख तर कुणीच दिलेली नसते. कवी ना. वा. टिळकांनी हाती घेतलेलं ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचं महाकाव्य 1919 साली त्यांच्या निधनामुळे अपुरं राहिलं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केलं. एवढं मोठं काम दुसऱ्या हाताने पुरं होऊ शकलं, यात त्यांची चिकाटी होतीच. पण गोष्ट कुठे जाणार आहे हे पहिल्या ओळीपासून ठरलेलं होतं, हेही विसरू नका.

म्हणून आधी कागद करा. एकच पान, पण सह्या करून: कल्पना कोणाची, मानधनाची वाटणी कशी, श्रेय कोणाला काय, एकाने मध्येच सोडलं तर लिहून झालेल्या पानांचं काय, आणि अडलं तर शेवटचा शब्द कोणाचा. आपल्याकडे कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन श्रेयं वेगवेगळी देण्याची रीत आहे, तिचा फायदा घ्या. शेवटच्या शब्दाचीही अशीच विभागणी करता येते: रचनेवर एकाचा, संवादावर दुसऱ्याचा. चर्चमधून आलेल्यांना हा कागद करताना फार संकोच वाटतो. ‘नावासाठी थोडंच करतोय’ हे वाक्य सेवेत शोभतं. निर्मात्यासमोर त्याचा अर्थ ‘फुकट चालेल’ असा होतो. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन मसुदा नोंदवा, तिघांच्याही नावाने. नोंदणीने कॉपीराइट मिळतो असं नाही, तो लिहिल्याबरोबरच तुमचा असतो. नोंदणी हा अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता याचा पुरावा. नुसत्या कल्पनेला मात्र कायदा संरक्षण देत नाही, त्यामुळे दोन ओळी सांगत गावभर फिरू नका.

आता प्रत्यक्ष लिहिणं. तिघांनी एकमेकांना न दाखवता हीच गोष्ट एकेका पानात लिहायची आणि मग शेजारी ठेवून वाचायची. तीन वेगळे सिनेमे निघतात, हमखास. ते त्या दिवशी निघालेले बरे, साठाव्या पानावर नकोत. एक गोष्ट ठरली की कार्डांवर प्रसंग मांडा, एका कार्डावर एकच: कुठे, कोणाला काय हवंय, आणि शेवटी काय बदललं. तिसरं उत्तर सुचत नसेल तर ते कार्ड बाजूला. दोन तासांच्या सिनेमाला साठ-सत्तर कार्डं पुष्कळ झाली. त्यांवरून पंधरा-वीस पानांचा प्रसंगवार आराखडा करा. त्यात संवाद नकोत. आराखडा सगळ्यांना पटेपर्यंत पटकथेची फाइल उघडायचीच नाही. रूढ मांडणीत एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, म्हणून 110 ते 120 पानांत थांबा.

पानं वाटून घेताना ‘पूर्वार्ध तू, उत्तरार्ध मी’ असं कधीही करू नका, मध्यंतरानंतर पात्रांची भाषाच बदलते. आठ-दहा प्रसंगांचा तुकडा एकाने लिहायचा, दुसऱ्याने न विचारता त्यावर हात फिरवायचा. तिसऱ्याने त्या तुकड्यात काही लिहायचं नाही, फक्त वाचायचं. फाइल एकच ठेवा, नावात तारीख घाला, आणि चालू मसुदा कोणाकडे आहे हे रोज स्पष्ट असू द्या. दोन जणांनी एकाच रात्री दोन वेगळ्या प्रती सुधारल्या की पुढचा आठवडा त्या जुळवण्यात जातो.

चर्चच्या नाटकातून येणाऱ्या तीन सवयी पटकथेत हटकून दिसतात. प्रत्येकाला भूमिका देणं ही पहिली. मुलं जास्त असतील तर मेंढपाळ वाढवता येतात, तिथे ते योग्यच आहे. सिनेमात मात्र चार मित्रांचं काम एकाने भागत असेल तर तिघं कापायचे. दुसरी, पात्राच्या तोंडून बोध सांगणं. प्रसंगाची शेवटची दोन वाक्यं झाकून वाचा. अर्थ पोचत असेल तर ती खोडा. तिसरी अवघड आहे: प्रेक्षकाला गोष्ट माहीत आहे असं धरून चालणं. देवदूत गब्रिएल आला की काय सांगणार हे सभागृहाला ठाऊक असतं. तुमच्या नायकाला कोणी ओळखत नाही, त्याला काय हवंय हे पहिल्या दहा पानांत दिसलं पाहिजे.

आणि भीड. मंडळातल्या ज्येष्ठांनी लिहिलेलं गाणं पडेल असलं तरी घेतलं जातं, कारण माणसं जपायची असतात. पटकथेत ही भीड महाग पडते. यावर एक साधा नियम चालतो: उपाय सांगायचा नाही, फक्त कुठे अडलं ते सांगायचं. ‘इथे ती रागावली का, मला कळलं नाही’ हे चालेल. ‘तिला रडव’ हे नाही. शेरा प्रसंगावर राहतो, लिहिणाऱ्याला लागत नाही.

तारखेचा खुंटा चर्चसारखाच रोवा. आठवड्याचे दोन दिवस, तीन-तीन तास, ठरलेली वेळ; कोणी आलं नाही तरी बाकीच्यांनी बसायचं. तालमीची ही शिस्त तुमच्या अंगात मुरलेली आहे आणि एकट्याने लिहिणाऱ्यांकडे ती क्वचितच असते. पन्नासाव्या ते सत्तराव्या पानाच्या दरम्यान सगळ्यांचाच उत्साह आटतो. तेव्हा नवी कल्पना शोधत बसू नका, कार्डांकडे परत जा. बहुधा मधल्या भागातलं एखादं कार्ड काहीच बदलत नसतं.

पहिला मसुदा झाला की तुमच्या नाटकमंडळाला गोळा करा आणि अख्खी पटकथा मोठ्याने वाचून घ्या. हा फायदा तुमच्याइतका सहज फार थोड्यांना मिळतो. लेखकांनी स्वतः एकही भूमिका वाचायची नाही, प्रसंगाची वर्णनंसुद्धा दुसऱ्याकडे द्या. पेन्सिल घेऊन बसा आणि जिथे वाचणारा अडखळतो, जिथे लोक पानं मोजायला लागतात, तिथे समासात खूण करा. दोन तास लागतील, मध्ये चहा ठेवा. पण चर्चा चहाच्या वेळी नको, शेवटचं पान वाचून झाल्यावरच.