दुसरी चिनी कादंबरी कोणती घ्यावी?

कोल्हापूर

चि. पोरीस, अ. उ. आ.

यू हुआची 'हुओ-झ' ही कादंबरी मूळ चिनीत वाचून संपवलीस, झकास. आता लिऊ त्सशिनची 'सान-थी' ही विज्ञान कादंबरी घेऊ की जिन योंगची तलवारबाजीची कादंबरी, असं विचारतेस. दोन्ही नकोत, निदान लगेच नकोत. यू हुआचीच दुसरी घे, रक्त विकणाऱ्या शू सानग्वानची, १९९५ची.

लेखक बदलला की शब्द बदलतात, वाक्याची ठेवण बदलते. तोच लेखक असला की पहिल्या पुस्तकात कमावलेलं दुसऱ्यात कामी येतं. त्यात ही कादंबरी संवादांवर चालते आणि तीच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. रक्त विकून झालं की हा गडी खाणावळीत बसतो आणि मागवतो: एक प्लेट परतलेली डुकराची कलेजी, दोन लिआंग (म्हणजे शंभर ग्रॅम) पिवळी दारू, आणि दारू जरा कोमट करून. चौथ्यांदा येईपर्यंत तुला तोंडपाठ झालेलं असेल. तीन पोरांच्या नावांची सुरुवातही एक, दोन, तीन अशीच आहे, त्यामुळे घोळ नाही.

नावांचा घोळ हलका समजू नकोस. चिनीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विशेषनामाला वेगळी खूण नसते; मग नवं नाव म्हणजे एखादा अवघड शब्दच वाटतो आणि पाच मिनिटं शब्दकोशात जातात. पुस्तकात एक कागद घाल, त्यावर नाव आणि नातं लिहीत जा. नातं मराठीतच लिही. इंग्रजी अर्थ देणारा शब्दकोश आत्या, मावशी, काकू, मामी अशा सगळ्यांना 'आंट' करून टाकतो. चिनीत त्या आपल्यासारख्याच वेगवेगळ्या आहेत.

कुठलंही पुस्तक घेण्याआधी तपासणी कर. पहिलं पान सोड, मधलं एक उघड. साधारण ५०० अक्षरं मोज, म्हणजे तीनशेच्या वर शब्द होतात. शब्दकोश न उघडता वाच आणि अडलेल्या शब्दाखाली रेघ मार. नावं धरू नकोस. सहा-सातपर्यंत रेघा आल्या तर आरामात वाचशील. पंधराच्या आसपास आल्या तर शब्दकोश जवळ ठेवून जमेल. पंचवीसच्या वर गेल्या तर पुस्तक कपाटात. अक्षरं मोजून फसू नकोस, शब्द मोज. 'घोडा' आणि 'वर' या अर्थांची दोन्ही अक्षरं येत असली तरी ती जोडून 'लगेच' होतं, हे आपोआप कळत नाही.

वेळेचाही हिशेब घाल. मिनिटाला शंभर अक्षरं या वेगानं एक लाख अक्षरांना सुमारे साडेसोळा तास लागतात. रोज अर्धा तास दिलास तर महिनाभराहून थोडं जास्त. प्रत्येक शब्द शोधत बसलीस तर याच्या दुप्पट, आणि चाळीसाव्या पानावर पुस्तक सुटतं. नियम असा ठेव: एकच शब्द तिसऱ्यांदा आडवा आला की मगच शोधायचा.

'सान-थी' तिसरी किंवा चौथी घे. सुरुवातीला भौतिकशास्त्राचे शब्द छळतात, पण तेच पुढेही येत राहतात, म्हणून पहिल्या पन्नास पानांनंतर हात बसतो. इंग्रजीतून वाचली असशील तर गोंधळू नकोस. इंग्रजी अनुवाद सांस्कृतिक क्रांतीपासून (माओच्या काळातली उलथापालथ) सुरू होतो, २००८चं चिनी पुस्तक तसं होत नाही. जिन योंगला अजून वेळ आहे. त्याचं गद्य अर्धं जुन्या वळणाचं आणि चार अक्षरी म्हणींनी भरलेलं. त्यातून त्याची गाजलेली मोठी कादंबरी चार खंडांची.

लाओ शची रिक्षावाल्यावरची कादंबरी लहान दिसते म्हणून मात्र उचलू नकोस. ती बीजिंगच्या बोलीत आहे. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाच्या हाती आपण पहिल्याच वर्षी आनंद यादवांची 'झोंबी' देऊ का?

इथल्या दुकानांत चिनी पुस्तकं शोधत हिंडू नकोस, ई-पुस्तक घे. घेण्याआधी नमुन्याची पानं बघ. तैवानची आवृत्ती असेल तर लिपी पारंपरिक असते, आणि तू शिकलीस ती सोपी केलेली.

कळावे.