मावशीचा स्टॉल मला दिसलाच नाही

प्रश्न : ताई, मी जुळे सोलापूरला राहते. माझी धाकटी मावशी घरीच शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकते. यंदा गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेत, तिनं पहिल्यांदा स्टॉल टाकला, फेसबुकवर फोटोपण टाकले, सगळ्यांनी या म्हणून. मला एकही दिसला नाही हो. आता ती म्हणती, तू बघून न बघितल्यासारखं केलंस. आईपण तिच्याच बाजूची. मी तिला अनफॉलो वगैरे काहीच केलेलं नाही, मग असं कसं?

– एक भाची

उत्तर : तुमची यात काडीचीही चूक नाही, आणि हे मावशीला नीट सांगा. टाकलेली प्रत्येक पोस्ट सगळ्यांना दिसते असं आपण धरून चालतो पण तसं नसतं, तुम्ही कुणाच्या फोटोला कमेंट करता, कुठल्या व्हिडिओवर किती वेळ थांबता, हे सगळं मोजून कुठली पोस्ट वर आणि कुठली तळाला हे फेसबुक ठरवतं. त्यात जत्रेचे दिवस, नंदीध्वजांचे, अक्षता सोहळ्याचे व्हिडिओ प्रत्येकजण थांबून बघतो. मावशीचा चटणीच्या पुड्यांचा फोटो त्याच्याखाली गाडला जाणारच.

अजून एक विचारा, फोटो स्वतःच्या प्रोफाइलवरून टाकले का धंद्याच्या पेजवरून? कारण जानेवारी 2018 मध्ये फेसबुकनं घरच्यांच्या, मित्रांच्या पोस्ट पुढे घ्यायचं जाहीर केलं आणि पेजवाले मागं पडले.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. 2017 पासून काही काळ रागाच्या इमोजीलासुद्धा लाइकच्या पाचपट वजन होतं, कंपनीच्याच आतल्या कागदांवरून 2021 मध्ये हे बाहेर आलं. 2020 मध्ये ते शून्यावर आणलं होतं म्हणे, पण तोवर भांडणाच्या पोस्ट वर चढल्या आणि साध्या माणसाची चटणी-भाकरी खालीच राहिली, हे मला पटत नाही.

आता करायचं काय, तर मावशीच्या प्रोफाइलवर जा, फ्रेंड्सवर दाबून तिला फेव्हरिट्समध्ये टाका. शिवाय मेनूत फीड्स म्हणून आहे, 2022 ला आलं, तिथं नवीन पोस्ट आधी दिसते, मधी कुणी निवड करत नाही. आणि ते जत्रेचे फोटो आजच शोधून काढा, उशिरा का होईना खाली दोन ओळी लिहा. पुढच्या गड्ड्याला तिला म्हणा, मावशी, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरपण टाक, तिथं आलेला फोटो आला त्याच क्रमानं दिसतो.