वेगाचे जादा ४१३ रुपये भरण्याआधी

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचा प्रश्न आहे. घरी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचे ब्रॉडबँड आहे, महिना ५०० रुपयांचे. प्लॅन १६ एमबीपीएसचा, प्रत्यक्षात ६-७ मिळतात. मुलगी घरून पुण्यातल्या कंपनीचे काम करते. व्हिडिओ कॉल अडकतात म्हणून महिन्याला ३०० रुपयांचा मोबाइल डेटा वेगळा घ्यावा लागतो. आता ८५० रुपयांत ३० एमबीपीएसचा डीएसएल (म्हणजे टेलिफोनच्या तारेवरच्याच इंटरनेटचा) प्लॅन मिळतो आहे. मोडेमचे ३,००० वेगळे, वर्षाचे आगाऊ भरल्यास दहा टक्के सूट. घ्यावा का?

ताई, फरक ३५० चा दिसतो, पण १८ टक्के जीएसटी धरून तो ४१३ होतो. दोन वर्षांचे ९,९१२, मोडेमसह १२,९१२. मोबाइल डेटा पूर्ण थांबला तर ७,२०० वाचतील. उरला ५,७१२ रुपयांचा बोजा. मुलीच्या नोकरीसाठी तो जरूर उचलावा, पण वेग खरोखर मिळणार असेल तरच. मला शंका आहे ती तिथेच.

तांब्याच्या तारेवरच्या इंटरनेटचा साधा प्रकार एडीएसएल २+, त्याची कमाल मर्यादाच २४ एमबीपीएस. म्हणजे ३० चा प्लॅन व्हीडीएसएल या त्याहून वेगवान प्रकारावर असणार, आणि त्याचा खरा लाभ टेलिफोन एक्स्चेंज किंवा रस्त्यावरच्या कॅबिनेटपासून साधारण एक किलोमीटरपर्यंतच. हे अंतर तारेचे मोजायचे, रस्त्याचे नव्हे. तुम्हाला आज ६-७ मिळत असतील, तर तार बरीच लांब असावी किंवा कुठेतरी खराब असावी.

तपासायला पैसे लागत नाहीत. लॅपटॉप लॅन केबलने थेट मोडेमला जोडून वेग बघा. चिऱ्यांच्या जाड भिंतींतून वायफाय फार क्षीण होते. केबलवर १४ आणि खोलीत ६ असतील, तर दोष प्लॅनचा नाही. काही शे रुपयांची लांब केबल मुलीच्या टेबलापर्यंत ओढली की काम झाले.

केबलवरही ६ च आले, तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा (काही मोडेमचा पत्ता वेगळा असतो, तो मागच्या लेबलवर असतो). तिथे डाउनस्ट्रीम अटेन्युएशन बघा, म्हणजे घराकडे येणारा सिग्नल तारेत किती क्षीण होतो तो आकडा, डेसिबलमध्ये (डीबी). २० डीबीच्या आत असेल तर नवा प्लॅन विचारात घेण्यासारखा आहे. ४० च्या वर असेल तर घेऊ नका, बिल वाढेल, वेग नाही. एसएनआर मार्जिन (सिग्नल खरखरीपेक्षा किती वर आहे याची शिल्लक) ६ डीबीच्या खाली गेले की लाइन तुटत राहते. अपस्ट्रीमचा, म्हणजे घरातून बाहेर जाणाऱ्या अपलोडचा, आकडाही टिपून ठेवा. व्हिडिओ कॉल अडकतो तो बहुधा अपलोडवर, आणि एडीएसएलवर अपलोड जेमतेम एक एमबीपीएस असतो. विकणारा ३० सांगतो तो डाउनलोडचा आकडा. अपलोड किती, हे लेखी मागा.

फोन उचलून एक आकडा दाबा आणि ऐका. खरखर आली तर बहुधा तारेच्या सांध्यात पाणी शिरले आहे. आपल्याकडच्या पावसात तांब्याच्या सांध्यांवर हिरवा थर चढतो. सांधा नवा करून घ्या किंवा तारेची जोडी बदलून मागा. प्लॅन बदलण्याआधी ही तक्रार नोंदवा. समांतर फोन आणि एक्स्टेन्शन काढून, तार घरात शिरते त्या पहिल्या सॉकेटवरही एकदा वेग तपासा.

तुमच्या वाड्यावर (वस्तीत) फायबर आले असेल तर माझा कौल सरळ फायबरला. तिथे अंतराने वेग घटत नाही, सांधे गंजत नाहीत. मात्र माडाची झावळी पडून केबल तुटू शकते, आणि वीज गेली की फायबरचे यंत्र बंद. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस खर्चात धराच.

आगाऊ भरण्याच्या सवलतीत वर्षाला सुमारे १,२०० रुपये वाचतात. महिन्या-महिन्याने जाणारे पैसे आधी दिल्याचा परतावा म्हणून बघितले, तर तो मुदत ठेवीच्या कितीतरी पुढे जातो. तरीही पहिला पावसाळा मासिक बिलावरच काढा. जुलैत लाइन आठवडाभर बंद पडली, तर भरलेले पैसे परत मागत बसण्यापेक्षा पुढचे बिल थांबवणे सोपे. चतुर्थीपर्यंत लाइन नीट चालली, तर मग वर्षाचे भरा.

फायबर घेतलेत तर जुनी तार लगेच सोडू नका. महिनाभर दोन्ही ठेवा, मग जुन्या जोडणीची अनामत रक्कम लेखी अर्ज देऊन परत मागा आणि मोडेम परत केल्याची पावती घ्या.