गावरान भेदराचं, म्हणजे टोमॅटोचं, बी घरी कसं धरावं? दुकानातल्या हायब्रिडचं धरलं तर चालतं का?

हायब्रिडचं बी उगवतं, पण पुढच्या पिढीत झाडं सारखी निघत नाहीत. कुठे फळ बारीक, कुठे जाड सालीचं. बी धरायचं तर गावरानच.

आधी झाड निवडा, फळ नंतर. पानं न गुंडाळलेलं, भरून लागलेलं झाड दिसलं की त्याला चिंधी बांधून ठेवा, नाहीतर घरचेच तोडून चटणी करतात! अशा चार-पाच झाडांची फळं झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या. गर बियांसकट वाटीत काढून दोन-तीन दिवस तसाच आंबू द्या. वर पांढरी साय येते, वास येतो, येऊ द्या. बियांभोवतीचा बुळबुळीत थर त्यानंच सुटतो. मग पाणी ओतून चोळा, तरंगणारं बी फेका, तळाचं ताटलीत पसरून सावलीत वाळवा. कागदावर नको, चिकटतं. आपल्याकडच्या उन्हात तर मुळीच नको. कोरड्या बाटलीत हे बी तीन-चार वर्षं सहज टिकतं.

रोप ऑगस्ट-सप्टेंबरात टाका, महिनाभरात लावणी. म्हणजे फुलं थंडीत येतात. पारा पस्तीसच्या वर गेला की फूल गळतं.

वाटायला संक्रांतीचं हळदीकुंकू उत्तम. प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा पुडीभर बियांचं वाण द्या, सोबत टोपलीतली दोन-दोन भेदरं. चव आवडली तरच बाई बी पेरते. आणि तुमच्याकडचं रोगानं गेलं, तर तेच बी शेजारून परत मागता येतं.