वाचकांचे प्रश्न : दाब मोजायचं प्रिझम आणि स्पिरिटचा बोळा

प्रश्न : मी डोळ्यांच्या दवाखान्यात सहायक आहे. कोरोनात डोळ्याचा दाब मोजायचं, बुबुळाला टेकवायचं प्रिझम दर पेशंटनंतर द्रावणात बुडवायचो. आता गर्दी वाढली, तसं स्पिरिटच्या बोळ्यावर भागतं. चालेल का?

उत्तर : कोरोनापुरतं चाललं असतं. त्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, ७० टक्के अल्कोहोलनं ते फुटतं. पण २०२३च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले होते ना? डोळे येण्याच्या साथी ज्या अॅडिनो नि एन्टेरो विषाणूंमुळे येतात, त्यांना असं आवरणच नसतं. अॅडिनो तर कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक दिवस तग धरतो. त्यामुळे बोळा फिरवून काम झालं असं समजू नका.

आधी प्रिझम पाण्यानं धुऊन अश्रू नि तपासताना डोळ्यात घातलेला पिवळा रंग काढा, कारण घाण राहिली की क्लोरीन तिच्यातच खर्ची पडतं. मग ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १० मिली नि पाणी ९० मिली असं द्रावण करून, फक्त टोक बुडेल एवढं, ५ ते १० मिनिटं ठेवा. द्रावण रोज सकाळी नवं करायचं. कालच्यात जोर उरत नाही. मूळ बाटलीही उन्हात नको.

खरी गडबड पुढे होते. घाईत नीट धुतलं नाही, तर उरलेलं द्रावण बुबुळाला भाजतं. पेशंट घरी जाऊन चरचर, पाणी नि अंधुक दिसण्याची तक्रार करतो, आणि दोष तपासणीआधी घातलेल्या थेंबांवर ढकलला जातो. म्हणून भरपूर पाण्यानं धुवा, स्वच्छ गॉजनं टिपा, पूर्ण वाळू द्या. दुसरी चूक म्हणजे दुपारच्या सुट्टीभर प्रिझम बुडवून ठेवणं. त्यानं जोड सैल होतो, बारीक तडे जातात, द्रावण आत शिरतं आणि तपासताना डोळ्यात झिरपतं. आठवड्यातून एकदा प्रिझम स्लिट लॅम्पखालीच (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखालीच) धरून तडे बघा. दहा मिनिटं कुठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. पण उत्तर बोळा नव्हे, तीन-चार प्रिझम आळीपाळीनं वापरणं हे आहे. डोळे आलेल्याचा दाब अगदी गरज असेल तरच मोजावा, तोही वापरून फेकायच्या टोकानं.

प्रश्न : स्लिट लॅम्पवरचा प्लास्टिकचा पडदा आता काढावा का?

उत्तर : राहू द्या. तिथं दोन चेहऱ्यांत जेमतेम हातभर अंतर असतं. वूहानचे नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग ७ फेब्रुवारी २०२० रोजी कोरोनानं गेले. त्यांच्या म्हणण्यानुसार लागण काचबिंदूच्या, कसलीही लक्षणं नसलेल्या पेशंटकडून झाली होती. मात्र पडदा थुंकीचे थेंब अडवतो, हवेत तरंगणारे कण नाही. खोकणारा समोर असेल तर दोघांनाही मास्क, आणि हनुवटी टेकवल्यावर गप्पा बंद. पडद्याची डॉक्टरांकडची बाजू लख्ख नि पेशंटकडची ठिपक्याठिपक्यांची, हे दृश्य फार दिसतं! अॅक्रिलिक असेल तर स्पिरिट लावू नका, त्यानं बारीक चिरा पडतात. साबणाचं पाणी पुरे.

प्रश्न : आईला डोळ्यामागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) आजारासाठी डोळ्यात इंजेक्शन देताना मास्कची वरची कड चिकटपट्टीनं बंद केली. कशासाठी?

उत्तर : मास्क सैल असला की श्वास वरच्या फटीतून थेट डोळ्याकडे जातो, सोबत तोंडातले जंतूही. ते आत गेले तर नजर जाऊ शकते. कधी पट्टी लावली नसेल, तर लावायला सांगा.